ट्रस्टची असली तरी फाइल नको



मागच्या लेखात पिठाच्या मर्यादेबद्दल लिहिलं होतं. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. त्यावर बऱ्याच जणींचे फोन आले. पण बोलता बोलता निम्म्या जणींनी पीठ बाजूला ठेवून दुसरंच विचारलं, "ग्रुपवर अ‍ॅपची फाइल आली आहे, घेऊ का हो?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. घेऊ नका. पाठवणारी सख्खी नणंद असली तरी घेऊ नका. आणि आज मला याच्या पुढचं एक म्हणायचं आहे, जे काही जणांना आवडणार नाही. आपल्या ट्रस्टनी, पतसंस्थांनी, महिला मंडळांनी अशा फाइली पाठवणंच बंद करावं. त्यांच्या फाइली वाईट असतात म्हणून नव्हे. त्या चांगल्या असतात, आणि म्हणूनच आपल्याला नको ती सवय लागते.

आधी नीट समजून घेऊ, कारण "अ‍ॅपची फाइल" म्हणजे काय हेच पुष्कळ जणींना कुणी सांगितलेलं नसतं.

फोनमध्ये अ‍ॅप यायचे दोन रस्ते आहेत. एक, प्ले स्टोअर उघडायचं, नाव शोधायचं, 'इन्स्टॉल' दाबायचं. दुसरा, कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा एखाद्या लिंकमधून फाइल पाठवतं, ती दाबली की अ‍ॅप थेट फोनमध्ये बसतं. या फाइलच्या नावाच्या शेवटी टिंब आणि इंग्रजीतली ए, पी, के ही तीन अक्षरं असतात. फोटोच्या नावाशेवटी बहुधा जे-पी-जी असतं, कागदपत्राच्या शेवटी पी-डी-एफ. ही ओळख पक्की करून ठेवा. फोटो आणि पीडीएफ या बघायच्या वस्तू आहेत. एपीके म्हणजे घरात राहायला येणारा माणूस. (आयफोनवाल्या मैत्रिणींना हा दुसरा रस्ता आपल्याकडे उघडाच नाही. युरोपात मात्र तिथल्या कायद्यामुळे २०२४ पासून अ‍ॅपलला बाहेरची अ‍ॅप-दुकानं चालू द्यावी लागली.)

तुमच्यापैकी प्रत्येकीला आता लग्नपत्रिकेची गोष्ट माहीत असेल. २०२४ च्या लग्नसराईपासून वेगवेगळ्या राज्यांचे पोलीस याबद्दल सावध करत आहेत. ग्रुपवर पत्रिका येते, 'सहकुटुंब यावे', खाली फाइल. फाइलच्या नावात 'इन्व्हिटेशन' असतं, शेवटी मात्र एपीके. पत्रिका उघडायला म्हणून बाई दाबते आणि अ‍ॅप बसतं. कधी पत्रिकेऐवजी गाडीच्या दंडाचं चलन असतं, कधी विजेचं बिल थकल्याची धमकी, कधी बँकेच्या बक्षीस-गुणांची मुदत आज संपत असल्याचा निरोप, शेतकरी घरात पीएम किसानच्या नावाने. वेष बदलतो, आत माल तोच. पत्रिका वाचायची असते, ती फोनमध्ये बसवावी लागत नाही, एवढं जरी डोक्यात राहिलं तरी निम्मं काम झालं.

आता हे अ‍ॅप बसल्यावर करतं काय? मी बी.कॉम. आहे, कॉम्प्युटर शिकलेली नाही. पण हिशेबाच्या माणसाला पैसा कुठून कुठे गेला ते शोधायची खोड असते. म्हणून मुलाकडून आणि पोलिसांनी काढलेल्या पत्रकांतून एकेक पायरी लावून घेतली.

अ‍ॅप बसताना परवानग्या मागतं. त्यातली एक असते मेसेज वाचण्याची. आपण 'अलाऊ' दाबलं की बँकेचा ओटीपी आपल्याला दिसतो त्याच क्षणी तो चोरालाही जातो. ओटीपी कुणाला सांगू नका, असं आपण दहा वर्षं ऐकत आलो. इथे सांगावाच लागत नाही. दुसरी परवानगी मेसेज पाठवण्याची. यूपीआय पहिल्यांदा सुरू करताना आपल्या सिममधून एक मेसेज आपोआप बँकेकडे जातो, आठवतंय? त्या मेसेजवरूनच बँक 'हा फोन यांचाच' असं मानते. ज्याच्या हाती मेसेज पाठवण्याची आणि वाचण्याची दोन्ही कुलपं गेली, त्याच्या हाती काय उरलं नाही? तिसरी परवानगी 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' या नावाची. ही सोय खरं तर अंध आणि अपंग माणसांसाठी केली आहे. पडद्यावर काय आहे ते वाचून दाखवायचं, त्यांच्या वतीने बटण दाबायचं. तीच चोराला दिली तर तो आपला पडदा वाचतो आणि आपल्या वतीने बटणं दाबतो. पुष्कळदा अ‍ॅपचं चिन्हही नाहीसं होतं, त्यामुळे आपल्याला वाटतं की काही बसलंच नाही, फाइल खराब होती.

आणि मग व्हॉट्सअ‍ॅपचाच ओटीपी पळवून आपलं व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या फोनवर चालू करतात, आणि आपल्याच नावाने तीच पत्रिका आपल्या सगळ्या ग्रुपवर जाते. माहेरच्या, सासरच्या, भजनी मंडळाच्या. म्हणून म्हटलं, पाठवणारी सख्खी नणंद असली तरी नको. नणंदेने पाठवलेलीच नसते.

एक प्रश्न मला बरेच दिवस सतावत होता. चोर प्ले स्टोअरवर का येत नाहीत, फाइलच का पाठवतात? त्याचं उत्तर मिळालं तेव्हा सगळं लख्ख झालं. २०१९ पासून गूगलने स्टोअरवरच्या अ‍ॅप्सना मेसेज वाचायची मुभा जवळजवळ बंद केली आहे. ज्या अ‍ॅपचं मुख्य कामच मेसेज घेणं-पाठवणं आहे त्याला, आणि मोजक्या अपवादांनाच, ती मिळते. म्हणजे ज्याला आपला ओटीपीच हवा आहे, त्याला पुढच्या दाराने यायची सोय राहिली नाही. तो मागच्या दाराने येतो. मागच्या दाराने येणारे सगळे चोर नसतात, पण चोराला दुसरं दारच नाही, हे लक्षात घ्या.

हे मागचं दार फोन सहज उघडू देत नाही. अँड्रॉइडच्या २०१७ सालच्या आठव्या आवृत्तीपासून नियम असा की व्हॉट्सअ‍ॅपमधून फाइल बसवायची तर व्हॉट्सअ‍ॅपला तशी वेगळी परवानगी सेटिंगमध्ये जाऊन द्यावी लागते. फोन स्पष्ट सांगतो की सुरक्षेसाठी इथून अ‍ॅप घ्यायला मनाई आहे. २०२२ च्या तेराव्या आवृत्तीत आणखी एक आडकाठी आली. असं बाहेरून आलेलं अ‍ॅप ती 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' मागू लागलं तर फोन आधी अडवतो. शिवाय प्ले प्रोटेक्ट नावाचा राखणदार प्रत्येक नवं अ‍ॅप तपासतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये गूगलने भारतासाठी आणखी एक गोष्ट जाहीर केली, की ब्राउझर किंवा मेसेजच्या अ‍ॅपमधून आलेली फाइल जर मेसेज वाचण्यासारख्या नाजूक परवानग्या मागत असेल, तर प्ले प्रोटेक्ट ती परस्पर थांबवेल.

एवढे अडसर असूनही माणसं फसतात कशी? कारण हे अडसर काढायला आपल्याला आपल्याच माणसांनी शिकवलेलं असतं.

आमच्या भागातल्या एका ट्रस्टचं सांगते. नाव घेत नाही, माणसं चांगली आहेत. तिथल्या एका तरुण कार्यकर्त्याने खूप मेहनतीने अ‍ॅप तयार केलं. त्यात तिथी, अष्टमी-चतुर्दशीची आठवण, पूजापाठ, महाराजांचा विहार आज कुठपर्यंत आला, आहारासाठी चौका कुणाकडे लागणार, सगळं. खरंच उपयोगी. फाइल ग्रुपवर आली आणि खाली सूचना होत्या. 'वॉर्निंग आली तर घाबरू नये. सेटिंगमध्ये जाऊन परवानगी चालू करावी. प्ले प्रोटेक्टने अडवल्यास 'इन्स्टॉल एनीवे' दाबावे.' त्याखाली पन्नास जणींचे हात जोडलेले.

मी त्याच दिवशी त्याला फोन केला. मुलगा हुशार, नम्र. म्हणाला, "काकू, माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?" मी म्हटलं, "तुझ्यावर आहे रे बाळा. पण तू आज दीडशे बायकांना काय शिकवलंस ते बघ. फोन नको म्हणाला तरी हो म्हणायचं. उद्या पत्रिकेची फाइल येईल तेव्हा यांच्या बोटांना रस्ता पाठ असेल." तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला की स्टोअरवर टाकायला वेळ लागतो, ओळखीची कागदपत्रं लागतात, तपासणीत अडकलं तर चातुर्मास उलटून जाईल. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तरी मी माझं सोडलं नाही. आठवड्याने त्याने विहाराची माहिती रोज सकाळी साध्या मेसेजने पाठवायला सुरुवात केली आणि तिथीदर्पण पीडीएफमध्ये टाकलं. अ‍ॅप अजून स्टोअरवर आलेलं नाही. आणि खरं सांगू का, कुणाचं काही अडलेलंही नाही. सत्तरीच्या आजींना तर तो सकाळचा मेसेजच सोयीचा पडतो.

आपल्या समाजाचं भांडवल काय आहे, तर ओळख. आडत दुकान असो, सराफी असो, मुलीचं स्थळ असो, 'अमक्यांनी सांगितलं आहे' एवढ्यावर आपले व्यवहार होतात. माझ्या सासऱ्यांच्या काळी शब्दावर माल उधार जायचा आणि दिवाळीला पैसे यायचे, मी स्वतः ती वही लिहिलेली आहे. हा विश्वास मला मोडायचा नाही. पण त्या वहीत आणि या फाइलीत एक फरक आहे. सासऱ्यांच्या समोर माणूस उभा असायचा. ग्रुपवरच्या फाइलीमागे माणूस दिसत नाही, फक्त त्याचा फोटो आणि नाव दिसतं, आणि ते दोन्ही चोराच्या ताब्यात असू शकतात. त्यामुळे 'कोणी पाठवलं' हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रश्न इथे पुरत नाही. 'आलंय कुठून आणि मागतंय काय' हे विचारावं लागतं. तिथी दाखवणाऱ्या अ‍ॅपला माझे मेसेज कशाला वाचायचे आहेत?

पतसंस्थांबद्दल मात्र मी जरा कडक बोलणार आहे. आपल्याकडे गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, पिग्मीचे पैसे रोज जातात, बायकांची खरी बचत तिथेच असते. काही छोट्या संस्था खात्याची शिल्लक बघायचं अ‍ॅप अशाच फाइलीने देतात, किंवा पिग्मीचा मुलगा दारात उभा राहून आपल्या हातातून फोन घेतो आणि बसवून देतो. संस्थेच्या ठेवी कोटींच्या घरात. प्ले स्टोअरवर अ‍ॅप ठेवायचं नोंदणीशुल्क आहे २५ डॉलर, आणि तेही एकदाच भरायचं. वार्षिक सभेत सभासदांना जो चहा-नाश्ता दिला जातो त्यापेक्षा ही रक्कम कमी असेल. शिवाय स्टोअरवर जायचं तर संस्थेला आपली ओळख पटवून द्यावी लागते. जी संस्था आपली केवायसी तीन-तीनदा घेते, तिने स्वतःची केवायसी एकदा द्यायला काय हरकत आहे? सभासद म्हणून हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. सर्वसाधारण सभेत उठून विचारा. लेखी दिलंत तर उत्तम.

आता दुसरी बाजूही मांडते, नाहीतर माझा मुलगा म्हणेल, आई, एकतर्फी लिहिलंस.

बाहेरचं ते सगळं वाईट असं नाही. एफ-ड्रॉइड नावाचं एक भांडार २०१० पासून चालू आहे. तिथली अ‍ॅप्स कशी बनली ते कुणीही जाणकार उघडून वाचू शकतो, आणि जाणकार लोक ती विश्वासाने वापरतात. फोनपे कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस अ‍ॅपस्टोअर सुरू केलं, त्यात मराठीतूनही शोधता येतं. आणि एकाच कंपनीच्या हातात सगळ्या देशाचं दुकान असणं हेही काही बरं नाही. आठवत असेल, १ मार्च २०२४ ला फीच्या वादातून गूगलने काही भारतीय अ‍ॅप्स स्टोअरवरून काढली होती, त्यात विवाह जुळवणारी अ‍ॅप्सही होती. काही दिवसांत परत आली, पण तोवर किती आयांचा जीव वरखाली झाला असेल! स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला आधी १३३७.७६ कोटी आणि पाठोपाठ ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला, तो अशाच मक्तेदारीच्या वागण्याबद्दल.

शिवाय स्टोअरवर आहे म्हणजे चांगलंच, असंही कुठे आहे? सरकारने संसदेत सांगितल्याप्रमाणे सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात गूगलने झटपट कर्ज देणारी २,२०० हून अधिक अ‍ॅप्स काढून टाकली. म्हणजे ती आधी त्या गाळण्यातून खाली आलेलीच होती ना! पाणी गाळायचं फडकं दुहेरी आहे का, त्याला भोक पडलंय का, हे आपण बघतोच. दुसऱ्याने बांधलेल्या गाळण्यावर डोळे मिटून विसंबू नये. पण गाळण्याला एखादं भोक आहे म्हणून कुणी विहिरीचं पाणी तसंच पीत नाही.

ज्याला कळतं त्याने बाहेरून घ्यावं, माझी ना नाही. माझा मुलगा घेतो. तो घेताना अ‍ॅप कुणी बनवलं, कुठून उतरवायचं, परवानग्या कोणत्या, हे सगळं बघतो आणि ज्या फोनवर प्रयोग करतो त्यात बँक ठेवत नाही. ज्या बाईच्या एकाच फोनमध्ये घरखर्चाचं खातं, सोनेतारणाचं अ‍ॅप, डॉक्टरांचे रिपोर्ट आणि नातीचे फोटो आहेत, तिने हे करू नये. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलंय की यापुढे बाहेरचं अ‍ॅप बनवणाऱ्यालाही आपली ओळख नोंदवावी लागेल. ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड या चार देशांत सप्टेंबर २०२६ पासून, बाकी जगात २०२७ पासून पुढे. एफ-ड्रॉइडवाल्यांनी त्याला विरोध केला आहे, त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. पण मला विचाराल तर दारात येणाऱ्याने नाव सांगावं, यात गैर काही वाटत नाही.

आणखी एक प्रकार आहे, ज्यावर आपल्या मंडळात कुणी बोलत नाही, कारण तो घरातल्या मुलांच्या आणि नवऱ्यांच्या फोनमध्ये असतो. त्याला 'मॉड' म्हणतात. गाण्याचं, सिनेमाचं, खेळाचं पैसे देऊन घ्यायचं अ‍ॅप कुणीतरी फोडतं, त्यातली पैसे मागायची व्यवस्था काढून टाकतं आणि फाइल फुकट वाटतं. नातू कौतुकाने सांगतो, आजी, वर्षाचे पैसे वाचवले. जीबी व्हॉट्सअ‍ॅप म्हणतात तेही याच जातीचं. मूळ कंपनीला ते मान्य नाही आणि ते वापरणाऱ्याचं खातं ती बंद करू शकते.

यातला धोका वर सांगितला तोच आहे. ज्याने एक कुलूप फोडलं, त्याने आत आणखी काय ठेवलं आहे ते आपल्याला कळायला मार्ग नाही. पण धोका नसता तरी मी नको म्हटलं असतं. अचौर्याणुव्रताचे अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आपण दशलक्षणात दरवर्षी ऐकतो. त्यात तदाहृतादान आहे, म्हणजे चोराने आणलेला माल घेणं. आपण स्वतः चोरी केली नाही, फक्त स्वस्तात किंवा फुकट घेतलं, तरी तो अतिचारच. त्याच ओळीत शेवटी प्रतिरूपक व्यवहार आहे, खऱ्यासारखा दिसणारा खोटा माल खपवणं. मला दर वेळी नवल वाटतं. पत्रिकेच्या वेषातली फाइल आणि फोडलेलं अ‍ॅप, दोन्हींना नाव आपल्याकडे आधीच आहे. 'सगळेच घेतात' या उत्तराने तराजूतलं माप खरं होत नाही, हे वाण्याच्या घरात कुणाला सांगायला हवं?

घरातल्या मुलांना हे सांगताना मात्र प्रवचन करू नका. महिन्याचे पैसे किती होतात ते विचारा आणि हवंच असेल तर घरखर्चातून द्या, नाहीतर ते अ‍ॅप नको. आमच्याकडे गाण्यांचे पैसे भरले, सिनेमांचे नाही भरले. वाद झाला, मिटला.

आता समजा, एखादीकडून फाइल दाबली गेलीच. तर काय करायचं, हे एका दमात सांगते, कारण तेव्हा वेळ नसतो. आधी विमानाचं चिन्ह असलेलं बटण दाबून फोनचं नेटवर्क आणि वायफाय दोन्ही बंद करा, सिम काढता आलं तर काढा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं, कार्ड आणि यूपीआय थांबवायला सांगा. लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवता आले तर ते याच पहिल्या तासांत. ग्रुपवर दुसऱ्या फोनवरून निरोप टाका की माझ्या नावाने आलेलं काही उघडू नका. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून, त्याच फोनवरून नाही. तो फोन नंतर पूर्ण पुसून नव्यासारखा करून घ्यावा लागतो, नुसतं अ‍ॅप काढून भागेलच असं नाही.

आणि बँकेला लेखी द्या, पोच घ्या, पोचेवर तारीख आणि वेळ बघा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं, त्यात नियम असा होता. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कुणाची असेल, आणि बँकेचा निरोप आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर बोजा शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत, साध्या बचत खात्याला १०,००० रुपये. पण ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. फाइल दाबली म्हटल्यावर बँक निष्काळजीपणावरच बोट ठेवणार, हे धरून चाला. म्हणून कळवल्याची ती वेळ सोन्यासारखी आहे. सहकारी बँकांसाठीही असंच परिपत्रक डिसेंबर २०१७ मध्ये निघालं. पतसंस्था मात्र बँक नव्हे, ती रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाही, तिथे हे परिपत्रक दाखवून उपयोग नाही. वर मी पतसंस्थांवर कडक का बोलले, ते आता लक्षात आलं असेल.

कळवायला उशीर होतो तो बहुतेक वेळा अज्ञानाने होत नाही, भीतीने होतो. आमच्या मंडळातल्या एका वहिनींनी खात्यातून पैसे गेल्याचं दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. मुलगा संध्याकाळी दुकानातून दमून येतो, त्याला कसं सांगायचं, सूनबाईंसमोर काय तोंड दाखवायचं, हाच विचार. दोन दिवसांनी कळलं तेव्हा घरातल्यांचं पहिलं वाक्य होतं, "तुला फोन दिलाच कशाला?" त्या दिवसापासून त्यांचा फोन सुनेकडे असतो. आता त्यांना पिग्मीची शिल्लक बघायची तरी विचारावं लागतं. पैसे गेले ते गेले, हाताशी होता तो व्यवहारही गेला.

हे मला सगळ्यात जास्त लागलं. त्यांच्यासारख्या बाईने ट्रस्टच्या सूचना वाचून फोनचे अडसर काढायला शिकायचं, आणि फसल्यावर मात्र 'म्हाताऱ्या माणसांना कळत नाही' म्हणून फोन काढून घ्यायचा? मुलांनो, कुणी हे वाचत असाल तर आईच्या फोनमधली ती एक परवानगी बंद करून द्या. सेटिंगमध्ये 'इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स' असं शोधायचं, व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम आणि फाइल्स यांच्यापुढे बंद करायचं. दोन मिनिटांचं काम आहे. आणि हे करताना फोन तिच्याच हातात राहू द्या. कुठे काय दाबायचं ते तिला सांगा, दाबू दे तिलाच.

आम्ही सहा-सातजणींनी मिळून एक पत्र तयार केलं आहे. ट्रस्ट, पतसंस्था आणि मंडळं यांनी ग्रुपवर एपीके फाइल पाठवू नये, असलेली काढून टाकावी, अ‍ॅप द्यायचंच तर प्ले स्टोअरवर द्यावं आणि ग्रुपवर फक्त त्याचं नाव टाकावं, तोवर माहिती साध्या मेसेजने किंवा पीडीएफने द्यावी. एवढ्याच चार ओळी आहेत. येत्या चतुर्दशीला पूजेनंतर मंदिराच्या हॉलमध्ये ते वाचून दाखवणार आहोत. सही करायची असेल तर या. ज्यांना येणं जमणार नाही त्यांनी आपल्या गावच्या ट्रस्टसाठी तेच पत्र लिहून घ्यावं, मला निरोप केलात तर मजकूर पाठवते. साध्या मेसेजमध्ये पाठवेन, फाइल नाही.